ईटीओची हवा मोजायला माणूस येण्याआधी

रुग्णालयाच्या सीएसएसडीत, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागात, त्यासाठी वापरला जाणारा ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायू हवेत किती आहे याची तपासणी ठरली की बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी साफसफाई सुरू होते. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात तशी. खिडक्या उघडल्या जातात, त्या दिवशीचा लोड (मशीनमध्ये घालायचा माल) उद्यावर ढकलला जातो, मशीनवर सगळ्यात जुनाजाणता टेक्निशियन उभा राहतो. अहवाल सुरेख येतो आणि कोणाच्याच कामाचा नसतो. म्हणून तयारीतलं पहिलं काम दिवस निवडण्याचं. ज्या दिवशी कार्डियाक आणि युरोलॉजीच्या याद्या भरगच्च असतात, मशीनच्या एकामागून एक सायकल लागतात आणि ऑपरेशन थिएटरमधून ‘झालं का, झालं का’ असे फोन येत असतात, तोच दिवस घ्या. पाळीवर जो नेहमी असतो तोच असू द्या. दारं-खिडक्या रोज जशा असतात तशाच.

हा वायू नेमका काय आहे, हे पाळीवरच्या प्रत्येकाला आधी आठवडाभर तरी सांगून ठेवा. त्यात मामा आणि मावशीही आल्या. इथिलीन ऑक्साइड साधारण ११ अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे मुंबईत ते बारा महिने वायूच. रंग नाही. गोडसर, ईथरसारखा वास आहे, पण तो यायला हवेत काहीशे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग) वायू लागतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे १ पीपीएम. तेव्हा ‘वास येत नाही, म्हणजे गळती नाही’ हे वाक्य विभागातून कायमचं हद्दपार करा. वास आलाच, तर तपासत बसायचं नाही, बाहेर पडायचं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं, मळमळ ही लगेचची लक्षणं. पाळी संपता संपता डोकं दुखलं की आपण लोकलच्या गर्दीला आणि उकाड्याला दोष देऊन मोकळे होतो. दीर्घकाळाचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. फिनलंडमधल्या रुग्णालयांत निर्जंतुकीकरणाचं काम करणाऱ्या महिलांच्या १९८२ मधल्या अभ्यासात गर्भपाताचं प्रमाण जास्त आढळलं होतं. हे सांगताना सुरात भीती नको, पण लपवाछपवीही नको. कोणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर तिला दुसरं काम मागता येईल असं वातावरण आधी तयार करा. चारचौघांत विचारू नका.

मग प्रयोगशाळा. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढं पुरत नाही. त्या मान्यतेच्या यादीत कामाच्या जागेच्या हवेतलं इथिलीन ऑक्साइड आहे का, ते कागदावर बघा. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये औद्योगिक स्वच्छतेचा विभाग आहे, सल्ल्यासाठी तिथेही विचारता येतं. येणाऱ्या माणसाला फोनवरच विचारून घ्या की नमुना कशावर घेणार. हायड्रोब्रोमिक आम्ल लावलेला कोळसा असलेली नळी आणि छोटा पंप, किंवा कॉलरला लावायचा, वायू टिपणारा बॅज, असं उत्तर आलं तर ठीक. ‘आमच्याकडे पीआयडी मीटर आहे, तेवढ्यात होऊन जाईल’ असं आलं तर थांबा. पीआयडी म्हणजे अतिनील दिव्याच्या प्रकाशाने हवेतला वायू ओळखणारं मीटर; त्याच्या नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दिव्याला हा वायू जेमतेम दिसतो आणि हात चोळायचं सॅनिटायझर मात्र झकास दिसतं. गळती कुठून होते ते शोधायला असे मीटर उपयोगी पडतात. एका माणसाच्या फुप्फुसात पाळीभर किती गेलं, ते सांगायला नाहीत. भिंतीवरचा अलार्म असेल तर त्याचा सेन्सर शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला ती तारीखही काढून ठेवा. कित्येक ठिकाणी ते डबडं फक्त हिरवा दिवा दाखवायला टांगलेलं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कामाची ऑर्डर देताना आठ तासांच्या नमुन्याबरोबर पंधरा मिनिटांचे वेगळे नमुने लेखी मागा. दर परवडत नाही म्हणून हेच पहिलं कापलं जातं. हिशेब करून बघा: दार उघडून लोड काढताना पंधरा मिनिटं हवेत २० पीपीएम वायू होता आणि बाकी दिवसभर शून्य. आठ तासांची सरासरी येते ०.६३ पीपीएमच्या आसपास. कागदावर सगळं मर्यादेत! पण पंधरा मिनिटांची मर्यादा ५ पीपीएम आहे आणि त्या माणसाने तिच्या चौपट घेतलं. ईटीओच्या खोलीत दिवसाचे बरेचसे तास काहीच घडत नसतं. जे घडतं ते मोजक्या मिनिटांत घडतं. ती मिनिटं मोजली नाहीत तर पैसे वाया.

ती मिनिटं कोणती, हे मोजणारा ओळखू शकत नाही, तुम्हीच सांगायला हवं. त्यासाठी आठवडाभर आधी एका वहीत टिपून ठेवा: दार कधी उघडतं, कोण उघडतं, निर्जंतुकीकरण झालं का ते दाखवणारी इंडिकेटरची पट्टी लवकर मिळावी म्हणून लोडात हात कोण घालतं, टोपली एअरेटरपर्यंत (मालात मुरलेला वायू गरम हवेने काढणाऱ्या कपाटापर्यंत) कोण नेतं. ट्रॉली पुढे ढकलत नेली की लोडातून निघणारा वायू सरळ तोंडावर येतो. मागे ओढत नेली तर कमी. वायूचं काडतूस किंवा सिलिंडर बदलणारा, फिल्टर साफ करणारा आणि मशीनचा बाहेरून येणारा सर्व्हिस इंजिनिअर यांनाही विसरू नका. आणि एअरेशन. ५० ते ६० अंशांवर आठ ते बारा तास लागतात, आणि पीव्हीसीच्या नळ्या वायू सगळ्यात चिवटपणे धरून ठेवतात. सर्जनना स्कोप (दुर्बीण) ‘आत्ताच’ हवा असतो म्हणून ते तास कापले जात असतील, तर वहीत तसं लिहा. नावं नकोत, वेळा लिहा. अर्धवट हवा दिलेला तो माल पॅकिंगच्या टेबलावर, स्टोअरमध्ये आणि शेवटी रुग्णाच्या अंगाला वायू सोडत राहतो. म्हणून एखादा बॅज स्टोअर सांभाळणाऱ्या सिस्टरच्या कॉलरलाही लावायला सांगा. तिला सगळे विसरतात.

खोलीची पाहणी मोजणीच्या आधी, पण दुरुस्ती मोजणीनंतर. उघड गळती किंवा बंद पंखा दिसला तर मात्र वाट पाहायची नाही, मशीनच थांबवायचं. मुंबईत बरीच नर्सिंग होम राहत्या इमारतींत आहेत, ईटीओची खोली म्हणजे एखाद्या फ्लॅटची जुनी मोरी किंवा बंद केलेली बाल्कनी. तिथे स्प्लिट एसी लावलेला असतो आणि गारवा आहे म्हणजे हवा खेळती आहे असं समजलं जातं. तो एसी आतलीच हवा फिरवतो. तासाला दहा वेळा हवा बदलली पाहिजे आणि ती बाहेर गेली पाहिजे. ती कुठे बाहेर जाते तेही गच्चीवर चढून बघा. पाइप डक्टमध्येच संपत असेल तर वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी तिथेच उघडते. खोलीत बाहेरून हवा ओढली जाते का, हे बघायला दाराच्या फटीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती आतल्या बाजूला झुकली पाहिजे. उदबत्ती नको. हवेत ३ टक्के झाल्यापासून थेट १०० टक्क्यांपर्यंत हा वायू पेट घेतो. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ इथे २००४ च्या ऑगस्टमध्ये एका निर्जंतुकीकरण कारखान्यात वायू धुऊन काढण्याचा टप्पा वगळून दार उघडलं, उरलेला वायू एक्झॉस्टमधून वायू जाळणाऱ्या यंत्रापर्यंत पोचला आणि स्फोट झाला.

आणखी एक जागा, खाली वाकून बघायची. पाण्यावर चालणारा व्हॅक्यूम पंप असलेल्या जुन्या मशीनमध्ये वायू पाण्यात मिसळून नाल्यात जातो आणि जमिनीवरच्या जाळीतून पुन्हा वर येतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो पायाशी रेंगाळतो. पावसाळ्यात जाळी तुंबली की मावशी तिथेच उकिडव्या बसून केरसुणीच्या काडीने ती मोकळी करतात, म्हणजे त्यांचं नाक जमिनीपासून हातभर. मोजणारा बॅज टेक्निशियनच्या कॉलरला लावून निघून जातो. त्याला हात धरून ही जाळी दाखवा.

आदल्या संध्याकाळी फार काही उरत नाही. बॅजच्या पाकिटांवरची मुदत बघून घ्या. तुलनेसाठीचा कोरा (न वापरलेला) नमुना आणलाय का, पंपाचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासणार का, हे विचारा. सणाच्या किंवा शनिवारच्या तोंडावर मोजणी ठेवली तर नमुने लॅबच्या टेबलावर पडून राहतात. बॅज लावणाऱ्यांना नीट समजवा: नाकापासून वीतभर अंतरात, एप्रनच्या वर, जेवायला जाताना लॉकरमध्ये ठेवायचा नाही, सांगितलंय तसंच करायचं. बॅज म्हणजे आपल्यावर पाळत, अशी शंका असतेच. ती हसण्यावारी नेऊ नका, नाहीतर बॅज खिडकीच्या कडेला विश्रांती घेताना सापडेल.

मास्कचं एवढंच. सर्जिकल मास्क आणि एन-९५ कण अडवतात, हा वायू सरळ आरपार जातो. गळती झाली तर लागतो तो पूर्ण चेहऱ्याचा, स्वतंत्र हवेच्या सिलिंडरचा संच; तो तुमच्याकडे नसेल आणि वापरण्याचा सराव नसेल, तर आत कोणी शिरायचं नाही. मजला रिकामा करून अग्निशमन दलाला १०१ वर फोन, हाच आराखडा दारावर मराठीत लावा. काडतूस हाताळायला लेटेक्सचे हातमोजे चालत नाहीत, ब्यूटाइल रबरचे मागवा.

अहवाल आला की तो अधीक्षकांच्या कपाटात जायच्या आधी त्याची प्रत विभागात लागली पाहिजे. ओशाच्या नियमात त्यासाठी पंधरा कामाचे दिवस दिलेत, तेवढे आपल्यालाही पुरेत. सरासरी ०.५ पीपीएम किंवा त्याहून वर गेली तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं, १ च्या वर गेली तर तीन महिन्यांनी. अहवालाला तुमच्या वहीतली त्या दिवसाची पानं जोडा, म्हणजे कोणता आकडा कोणत्या कामाचा ते पुढच्याला कळेल. नोंदी तीस वर्षं ठेवायच्या असतात, तेव्हा एक प्रत अशा कोणाच्या तरी ताब्यात द्या ज्यांची बदली होत नाही.