पोरक्या शिंगराला बाटलीऐवजी बादलीची सवय लावा

घोडी गेली की मागे राहिलेल्या शिंगराला सुरुवातीला रात्रंदिवस दर तास-दोन तासांनी दूध लागतं. बाटली धरून माणूस थकतो. त्यापेक्षा त्याला लवकर भांड्यातून प्यायला शिकवा.

१. रुंद, उथळ, गडद रंगाचं भांडं घ्या. त्यात दूध उठून दिसतं. शिंगरांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवा.

२. ते भुकेलं असताना दुधात बुडवलेलं स्वच्छ बोट तोंडात द्या. जीभ बोटाभोवती गुंडाळून ते चोखू लागलं की भांडं वर तोंडाशी आणा आणि बोट हळूहळू दुधात न्या. मुंडी दाबून दुधात अजिबात घालू नका. नाकात दूध गेलं की ते भांड्यालाच बिचकतं.

३. ओठ दुधात टेकले की बोट काढून घ्या.

बहुतेक शिंगरं काही तासांत शिकतात. मग बादली त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा. माणसाशी नको तितकी सलगीही होत नाही, हा मला मोठा फायदा वाटतो.

मात्र नुकतंच जन्मलेलं असेल, तर पहिल्या काही तासांतच चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, पोटात जायला हवा. बोट चोखतच नसेल तर जबरदस्तीने पाजू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा.