पारंपरिक कमठ्यावर बाणाची गती आणि नेम यांचा मेळ कसा घालावा

धडगाव, अक्कलकुवा, शहादा या सातपुड्याच्या पट्ट्यात तीरकामठा आजही अनेक घरांच्या कुडावर टांगलेला दिसतो. बांबूचा कमठा असो किंवा बाजारातून आणलेला फायबरचा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य), नवा धनुर्धर पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न एकच असतो: बाण किती जोरात जातो? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे. पुढील मार्गदर्शन दृष्टियंत्र नसलेल्या आणि बोटांनी दोरी सोडायच्या धनुष्यासाठी, म्हणजे 15 ते 20 मीटर अंतरासाठी आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार आपल्याकडे वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई असून शिकारीचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. त्यामुळे येथील सर्व सराव गोणपाटाच्या लक्ष्यावर करायचा आहे. शिकारीचा उल्लेख येईल तो जेथे धनुष्याने शिकार करण्यास परवानगी आहे, अशा परदेशांतील अनुभवापुरता.

आधी हिशोब

पारंपरिक धनुष्यातून सुटलेल्या बाणाची गती साधारणपणे सेकंदाला 45 ते 55 मीटर असते. हवेचा रोध बाजूला ठेवला तर 45 मीटर गतीचा बाण 20 मीटरवर 0.44 सेकंदात पोहोचतो आणि तेवढ्या वेळात सुमारे 97 सेंटीमीटर खाली येतो. 55 मीटर गतीच्या बाणाला 0.36 सेकंद लागतात आणि तो सुमारे 65 सेंटीमीटर खाली येतो. हा फरक डोळ्यांत भरणारा असला तरी तो ठरलेला आहे, आणि सरावाने हात तो आपोआप सांभाळून घेतो. खरी अडचण अंतराचा अंदाज चुकल्यावर येते. लक्ष्य 20 मीटरवर आहे असे समजून बाण सोडला आणि ते प्रत्यक्षात 22 मीटरवर निघाले, तर मंद बाण साधारण 11 सेंटीमीटर खाली लागेल आणि वेगवान बाण 7 सेंटीमीटर. म्हणजे गतीत इतकी मोठी वाढ करून पदरात पडले ते चार सेंटीमीटर.

आता दुसरी बाजू पाहावी. बाण अर्ध्या अंशाने तिरका सुटला तर 20 मीटरवर तो 17 सेंटीमीटर चुकतो. अर्धा अंश म्हणजे 28 इंची बाणाची शेपटी गालाशी सहा मिलिमीटर सरकणे, बोटाच्या पेराचा चौथा हिस्सासुद्धा नाही. जड कमठा ओढताना दम लागून तर्जनी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली नाही किंवा मूठ धरलेला हात किंचित थरथरला, की एवढी चूक सहज होते. म्हणून नेम बिघडत नाही तोवरच गती वाढवावी, या क्रमाने पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी: कमठ्याचा ताण स्वतःच्या हाताला जुळवणे

ताण मोजण्यासाठी रद्दीवाला वापरतो तसला लटकता डिजिटल काटा पुरेसा आहे. काट्याचा हूक दोरीच्या मध्यावर अडकवून, आपण प्रत्यक्षात जितकी दोरी ओढतो तितक्याच अंतरापर्यंत ती सावकाश ओढावी आणि आकडा वाचावा. धनुष्यावर छापलेला ताण बहुधा 28 इंचांच्या ओढीचा असतो. आपली ओढ 26 इंच असेल तर हाताला येणारा ताण त्याहून कमी भरतो, आणि बाण निवडताना हाच प्रत्यक्ष आकडा धरायचा असतो. 20 किलो म्हणजे सुमारे 44 पौंड.

पूर्ण ओढून, तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकवून चार सेकंद स्थिर राहता आले पाहिजे, आणि हे सरावाच्या पहिल्या बाणाला नव्हे तर शेवटच्या बाणाला जमले पाहिजे. ते जमत नसेल तर ताण पाच पौंडांनी उतरवावा. गावात कोणाचा कमठा जास्त जड यावर पैजा लागतात हे खरे, पण पैज कमठ्यावर लागते, लक्ष्यावर नाही.

दुसरी पायरी: बाणाचे वजन आणि ताठरपणा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिच्यावर वेळ खर्च करावा. पारंपरिक धनुष्यासाठी ताणाच्या प्रत्येक पौंडामागे सुमारे 10 ग्रेन वजन हा जुना आणि उपयोगी अंदाज आहे. एक ग्रेन म्हणजे 0.065 ग्रॅम, तेव्हा 40 पौंडांच्या कमठ्याला साधारण 26 ग्रॅमचा बाण लागतो. सोनाराकडील काट्यावर किंवा स्वयंपाकघरातील बारीक काट्यावर प्रत्येक बाण तोलावा आणि एका संचातील बाणांमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. वजन फार उतरवले तर गती वाढते हे खरे, परंतु हलक्या बाणाला कमठ्याची सगळी शक्ती घेता येत नाही आणि उरलेली शक्ती कंप व आवाज होऊन कमठ्याच्या भुजांमध्ये मुरते. अतिशय हलका बाण सोडणे हे रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाणारे असून त्याने कमठा तडकू शकतो.

ताठरपणाचे गणित वेगळे आहे. दोरी सुटताच बाण लवतो आणि मुठीला वळसा घालून सरळ होतो. तो किती लवावा हे कमठ्याच्या ताणावर, बाणाच्या लांबीवर आणि टोकाच्या वजनावर अवलंबून असते. पिसे न लावलेला एक बाण पिसे लावलेल्या तीन बाणांबरोबर 10 मीटरवरून सोडून पाहावा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागत असेल तर तो जास्त ताठ आहे आणि टोक थोडे जड करावे. उजवीकडे लागत असेल तर तो जास्त लवतो आहे, तेव्हा बाण थोडा थोडा, एका वेळी अर्ध्या इंचाहून कमी, कापावा. कापलेला बाण पुन्हा वाढत नाही, म्हणून घाई करू नये.

तिसरी पायरी: आवाज कमी करणे

परदेशातील शिकारी वेगापेक्षा शांततेला जपतात, आणि त्यामागे साधे कारण आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे दोरीचा आवाज 20 मीटरवरील हरणाला 0.06 सेकंदात ऐकू येतो आणि बाण त्यानंतर तिसरा हिस्सा सेकंदाने पोहोचतो. तेवढ्यात हरीण दचकून खाली दबते. बाणाची गती दहा मीटरने वाढवून हा अवधी फार कमी होत नाही. लक्ष्यावर सराव करणाऱ्यालाही आवाज उपयोगी पडतो, कारण मोठा खणखणाट म्हणजे शक्ती बाणात न जाता वाया गेल्याची खूण. दोरी आणि मूठ यांमधील अंतर दोरीला पीळ देऊन थोडे थोडे वाढवावे आणि आवाज सर्वांत बसका होईल तेथे थांबावे. अंतर कमी ठेवल्यास गती किंचित वाढते, पण दोरी मनगटावर आपटते आणि सोडतानाची लहान चूकही मोठी होते.

चौथी पायरी: गती मोजणे

महागड्या यंत्राची गरज नाही. 20 मीटर मोजून घ्यावेत आणि मोबाइल धनुष्यापासून व लक्ष्यापासून सारख्याच अंतरावर, बाणाच्या वाटेपासून बाजूला, जमिनीवर ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करावे. दोन्ही आवाजांना मोबाइलपर्यंत पोहोचायला सारखाच वेळ लागत असल्याने दोरीचा टणत्कार आणि लक्ष्यावरील धप्प यांमधील वेळ हीच बाणाची प्रवासाची वेळ होते. आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या कोणत्याही अॅपमध्ये ती वाचता येते. 20 ला त्या सेकंदांनी भागावे. 0.42 सेकंद आले तर गती सुमारे 48 मीटर. पाच बाणांची सरासरी घ्यावी.

पाचवी पायरी: दोन संचांची तुलना

लक्ष्यासाठी गोणीत टाकाऊ कापूस व जुने कपडे ठासून भरावेत. खानदेशात हे साहित्य विकत घ्यावे लागत नाही. मागे शेताचा बांध किंवा मातीचा उंच ढीग असावाच, कारण पऱ्हाट्यांचा ढीग बाण अडवत नाही, आणि बांधापलीकडे वाट नाही याची खात्री करावी. गोणीवर कोरा कागद लावून जड बाणांच्या संचाने सहा बाण सोडावेत, छिद्रांभोवती पेनने खूण करावी, मग हलक्या संचाने सहा सोडून दुसऱ्या रंगाने खूण करावी. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवावा, नाहीतर हात दमल्याचा दोष उगाच दुसऱ्या संचाच्या माथी बसतो. प्रत्येक पुंजक्याचा मध्य काढून त्यापासून छिद्रांची सरासरी अंतरे मोजावीत. पुंजका वर लागला की खाली, याकडे तूर्त दुर्लक्ष करावे, कारण तो नेम बदलून सुधारतो. पाहायचे ते पुंजका किती पसरला आहे. वेगवान संचाचा पसारा मंद संचाइतकाच किंवा कमी असेल तर तो आनंदाने घ्यावा. पसारा वाढत असेल तर मंद संच ठेवावा आणि अंतराचा अंदाज पावलांनी मोजून पक्का करण्यावर वेळ द्यावा.

ऋतूप्रमाणे फेरतपासणी

तुलना एकदा करून भागत नाही. मानवेलीच्या बांबूचा कमठा पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याचा ताण उतरतो, म्हणून आषाढ-श्रावणात काट्यावर पुन्हा मोजून पाहावे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकतो तेव्हा चिकटवलेल्या थरांचे धनुष्य बंद गाडीत ठेवू नये, कारण डिंक सैल होतो. बाण सोडणे संपताच बांबूच्या कमठ्याची दोरी उतरवून ठेवावी. चढवलेल्या दोरीखाली तो वाकून बसतो आणि त्याचा गेलेला ताण परत येत नाही.