चिघळ ओळखायची कशी, करायची कशी

पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की आमच्या सोलापूरकडं माळावर, बांधावर, वाटंच्या कडंला चिघळ ही रानभाजी पसरलेली दिसतीय आणि लोक तण म्हणून उपटून फेकतात, बघून जीव तुटतो खरंच.

जमिनीला चिकटून पसरती, देठ लालसर, पानं बारीक पण जाड आणि रसाळ, फूल पिवळं चार पाकळ्यांचं, ऊन आलं की उमलतंय. घोळ हिचीच थोरली बहीण, पानं मोठी, करायची रीत तीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुधी नावाचं तण (दुधी भोपळा नव्हे) पण असंच जमिनीवर पसरतं, आणि घाईत दोन्ही एकत्र खुडल्या जातात. म्हणून देठ मोडून बघायचा, पांढरा चीक आला तर टाकून द्या, चिघळीतून नुसतं पाणी निघतं. दुधीची पानं पातळ असतात हेही लक्षात ठेवा. तणनाशक मारलेल्या बांधावरची घेऊ नका, आणि नान्नजकडं अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच खुडायचं नाही, ते माळढोक पक्ष्याचं रान आहे.

खुडायची वेळ पण बघा. पाण्याची ओढ बसली की घोळीसारखी झाडं रात्री हवा आत घेऊन आम्ल साठवतात आणि दिवसा ते वापरतात, त्यामुळं सकाळची आंबट लागती, संध्याकाळची कमी. मला सकाळचीच आवडते.

मुळं काढून तीन-चार पाण्यातनं धुवा, माती लई असती. अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलात जिरं, आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग डाळ परतून दोन मोठ्या मुठी चिरलेली चिघळ टाका. तिलाच पाणी सुटतं, वरून अगदी शिपका पुरे. डाळ बोटचेपी झाली की दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. मीठ शेवटी आणि कमीच घाला कारण भाजी बसून मूठभर होती.

हिच्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला कारण होणारा क्षार, बराच असतो, त्यामुळं मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच खावी. बाकीच्यांनी सोबत दही घ्या, दह्यातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला बांधून ठेवतंय. आणि भाकरी मालदांडी ज्वारीचीच, गरम, चपातीबरोबर ही भाजी मला तरी कधी लागलीच नाही.