पार्क स्की घेताना आधी कड तपासावी
यवतमाळकडच्या खेड्यातून गुलमर्गला निघालेल्या तरुणाने जुनी पार्क स्की (बर्फातल्या खास मैदानात उड्या मारायला आणि रेलवरून, म्हणजे लोखंडी दांड्यांवरून, घसरायला बनवलेली स्की) विकत घेताना, कुऱ्हाडीचा दांडा निवडताना आपण लाकडाची रेष पाहतो तसे, रंगाऐवजी घडण पाहावी. रंग तर पहिल्याच हंगामात खरवडतो. लोखंडी रेलवर घसरताना सर्वाधिक मार पायाखालच्या पोलादी कडेला बसतो, म्हणून सुमारे २.५ मिलिमीटर जाडीची कड २ मिलिमीटरच्या कडेपेक्षा सहसा अधिक टिकते. मात्र तिच्यावर आडवी चीर दिसल्यास मी तरी ती स्की घेणार नाही. कडेवर प्लास्टिकची उभी भिंत असलेली बांधणी, वरचे आवरण थेट कडेपर्यंत वळवलेल्या बांधणीपेक्षा बहुधा दणकट ठरते. गाभा लाकडी असावा. थर सुटू लागले आहेत का, हे कडेलगत नख फिरवून कळते.