मन खंबीर करायला मॅटवर उतरताय? मग या चुका टाळा

वॉर्मअपच्या मॅटच्या कडेला एक मुलगी उभी होती. तिने पट्टा सोडला, बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. चौथ्यांदा बोटं इतकी थरथरत होती की गाठ नीट बसेना. मी जवळ गेलो तर म्हणाली, "सर, हात गार पडलेत माझे. आठ महिने सराव केला, तरी एवढी भीती वाटतेय. म्हणजे माझी तयारीच झाली नाही ना?"

ज्युदो शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलाय. मार्शल आर्ट्सने मन घट्ट होतं, आत्मविश्वास येतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते आपोआप होत नाही. चार वर्षं नेमाने सराव करून आणखी बुजरी झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि नुसतीच तापट झालेलीही. त्यांची मेहनत कमी नव्हती. त्यांनी आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी काही गोष्टी उलट्या समजून घेतल्या होत्या.

भीती म्हणजे कच्ची तयारी, हा समज

लढतीआधी छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. अॅड्रेनालिन वाढलं की रक्त बोटांकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. पचन मंदावतं, म्हणून पोट ढवळतं. शरीर लढायला सज्ज होतंय, एवढाच याचा अर्थ. दहा वर्षं स्पर्धा खेळलेल्यालाही हेच होतं. फरक इतकाच की त्याला ही पाहुणी ओळखीची झालेली असते.

अशा वेळी "शांत हो, घाबरू नकोस" म्हणून काहीही साधत नाही. शरीर पेटलेलं असताना मनाला विझायला सांगितलं तर मन आणखी गोंधळतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत काही जणांना भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणायला लावलं, तर काहींना "मला हुरूप आलाय" असं. दुसऱ्या गटाची भाषणं सरस ठरली. मॅटवर माझा अनुभव अगदी हाच आहे. त्या मुलीला मी म्हटलं, "हात गार पडलेत म्हणजे पायात बळ गेलंय. चल, जोरात हालचाल कर."

आणि खरंच हालचाल करा. पहिल्या लढतीत हरणारे पुष्कळ जण थंड अंगाने मॅटवर चढलेले असतात. आधी एकदा चांगली धाप लागू द्या: वीस-तीस सेकंदांच्या दोन-तीन जोरकस फेऱ्या, अंगाला घाम, मग दहा मिनिटं विसावा. पहिली धाप वॉर्मअपमध्येच येऊन गेली की लढतीतली धाप धक्का देत नाही. विसावा घेताना श्वास चार आकड्यांत आत घ्या आणि सहा-आठ आकड्यांत बाहेर सोडा.

आत्मविश्वास येईल, मग उतरेन

हे म्हणजे पोहता आल्यावर पाण्यात उतरेन, असं झालं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की "मला हे जमेल" हा भरवसा सगळ्यात जास्त स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीतून येतो. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी पाठ थोपटणं यांचाही उपयोग होतो, पण त्यांचा नंबर नंतरचा. आरशासमोर उभं राहून "मी वाघ आहे" म्हणणं तर फारच मागे. मनाकडे पुरावा लागतो, आणि तो सरावातच गोळा करावा लागतो.

यासाठी मी मुलांना एक वही ठेवायला सांगतो. रोज दोनच ओळी. आज कुठे अडकलो? त्यातून कसा सुटलो, किंवा का सुटलो नाही? "मस्त सराव झाला" असलं काही लिहायचं नाही. "डावीकडून पकड आली, तीनदा पडलो, चौथ्यांदा कंबर आधी वळवली आणि वाचलो" असं लिहायचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री हीच वही वाचायची. शंभर सुविचारांपेक्षा या ओळी जास्त धीर देतात, कारण त्या खऱ्या असतात.

सरावातली लढत जिंकण्याचा हट्ट

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, असं माझं मत आहे. ती मीही वर्षभर केली. आमच्याकडे एक थोराड, जड अंगाचा साथीदार होता. जोड्या लागताना मी हळूच दुसऱ्या टोकाला सरकायचो. ज्यांना पाडता येतं त्यांच्याशीच खेळायचो आणि घरी जाताना छान वाटायचं. मग स्पर्धेत तसाच एक जड खेळाडू समोर आला. त्याने मला खाली घेतलं आणि आडवं पडून छातीवर दाबून धरलं. ज्युदोत अशी पकड वीस सेकंद टिकली की लढत संपते. त्या वीस सेकंदांत मी काय केलं ते मला लख्ख आठवतं: श्वास रोखला, दोन्ही हात ताठ करून त्याला वर ढकलत राहिलो. दहाव्या सेकंदाला हातातली रग गेली आणि पुढचे दहा सेकंद मी छताकडे बघत पडून होतो. माझ्यात ताकद होती. पण त्या जागी मी आधी कधी राहिलोच नव्हतो.

अशा वेळची घाबरगुंडी शरीरात बसलेली असते. ती काढायला त्याच जागी, ठरवून, पुन्हा पुन्हा जावं लागतं. आता आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सराव इथूनच सुरू होतो: पाठ मॅटला टेकलेली, वर आपल्यापेक्षा जड माणूस, घड्याळात एक मिनिट. सुटण्याची घाई करायची नाही. आधी श्वास सोडायचा, आवाज येईल असा. मग कोपरं अंगाशी आणायची, म्हणजे हात लांब राहत नाहीत. मग एका कुशीवर वळायचं, कारण पाठीवर सपाट पडलेला माणूस कुठेच जाऊ शकत नाही. त्यानंतर डाव. पहिल्या आठवड्यात मुलं चाळीस सेकंदांत हात आपटतात, म्हणजे मॅटवर थाप मारून 'सोड' अशी खूण करतात. दीड-दोन महिन्यांनी तीच मुलं खालून माझ्याशी बोलतात. त्यांच्यात जे बदललेलं असतं, त्यालाच मी मनाचा खंबीरपणा म्हणतो, आणि तो डोळ्यांना दिसतो.

साथीदार निवडताना साधारण तीन वाटे करा. एक वाटा आपल्यापेक्षा नवख्यांबरोबर, नवे डाव करून बघायला. एक बरोबरीच्यांबरोबर. आणि एक आपल्याला धूळ चारणाऱ्यांबरोबर. फक्त तिसऱ्याच वाट्यात राहिलात तरी मन खचतं, कारण जमल्याचा पुरावाच हाती लागत नाही.

मार खाणं म्हणजे कणखरपणा नव्हे

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे प्रत्येक स्पारिंगचं, म्हणजे साथीदाराबरोबरच्या सराव-लढतीचं, युद्ध करणं. स्नायू कसून मजबूत होतात, हाडंही काही प्रमाणात होतात. मेंदू होत नाही. डोक्याला फटका बसून गरगरलं, मळमळलं, उजेड सहन होईना किंवा मधली काही मिनिटं आठवेनात, तर सराव तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. त्या दिवशी परत मॅटवर यायचं नाही, मग समोर कोणतीही स्पर्धा असो. कोपराला किंवा मानेला पकड बसली की वेळेवर हात आपटायचा. ही शरणागती नव्हे. उद्या सरावाला येता यावं म्हणून केलेली ती सोय आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, आणि त्यांच्या ज्युदोत आजही पहिला धडा पडण्याचाच असतो. पडायची भीती गेली की पुढचं सगळं शिकता येतं.

कणखरपणाचं उदाहरण म्हणून जपानचे ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता यांची १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधली गोष्ट हमखास सांगितली जाते. सुरुवातीच्या लढतीत त्यांच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला, तरी त्यांनी सुवर्ण जिंकलं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ऐकणारा शिकतो काय, तर दुखणं गिळायचं. मला ही गोष्ट अर्धवट सांगितलेली खटकते. अंतिम लढतीत त्यांनी इजिप्तच्या मोहम्मद रशवान यांना जमिनीवर आडवं पडून दाबून धरलं. मी छताकडे बघत पडलो होतो तीच ही पकड. पाय निकामी झाल्यावर वापरता येईल असा जमिनीवरचा खेळ त्यांनी आधीच कित्येक वर्षं घोटून ठेवला होता. वेदना सहन केली हे खरंच, पण एक वाट बंद झाली तेव्हा दुसरी तयार होती म्हणून ते जिंकले. आणि ती ऑलिम्पिकची अंतिम फेरी होती. जिल्हा पातळीच्या स्पर्धेत फाटलेल्या पोटरीने खेळायला मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला परवानगी देणार नाही.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या काही स्पर्धांमध्ये खालच्या वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवायच्या फंदात पडू नका; आहे त्या गटात खेळा. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना साधारण महिनाभरात महाविद्यालयीन तीन कुस्तीपटूंचे जीव गेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. जीवावर बेतलं नाही तरी पाणी तोडलेलं शरीर मंदावतं, चिडचिडतं, आणि खेळाडू मात्र म्हणतो, "मी मनाने कमी पडलो."

सरावात वाघ, स्पर्धेत मांजर

ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि दोष सरळ मुलाच्या स्वभावाला दिला जातो. जरा विचार करा. सरावात हरलं तर लगेच दुसरी फेरी मिळते. पंच नसतो, नाव पुकारलं जात नाही, तास-दोन तास ताटकळत बसावं लागत नाही, कुणी बघत नाही. स्पर्धेत हे सगळं एकदम अंगावर येतं. ज्याचा सराव केलाच नाही ते जमणार कसं?

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा लुटुपुटूची नव्हे, पूर्ण शिस्तीची स्पर्धा घरच्या मॅटवर भरवा. सगळे कडेला बसतील. नाव पुकारायचं, रांगेत थांबवायचं, पंच उभा करायचा, नमस्कार आणि लढत. एकच. हरला तर हरला, त्या दिवशी दुसरी संधी नाही. घड्याळ तुमच्या खेळाचंच लावा: ज्युदोत वरिष्ठ गटाची लढत चार मिनिटांची, ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, तायक्वांदोत दोन-दोन मिनिटांच्या तीन. चार मिनिटांच्या लढतीची तयारी दोन मिनिटांच्या स्पारिंगने होत नाही. तिसऱ्या मिनिटाला हात जड होतात आणि तिथेच धीर सुटतो.

"मॅटवर गेलो की डोकं रिकामं होतं" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उपाय. "आक्रमक खेळायचं" असला मोघम बेत करू नका, अशा बेताला तणावात हाताशी धरता येत नाही. जर-तरचे दोन बेत करा, तीन नकोत. "जर त्याने आधी पकड घेतली, तर मी लगेच सोडवून पुन्हा घेईन." "जर माझ्यावर गुण गेला, तर मी गणवेश नीट करेन, एक श्वास सोडेन आणि पहिल्या पकडीकडे परत येईन." पहिल्या तीस सेकंदांची हालचाल तर डोळे झाकून करता यावी इतकी घोटलेली हवी. तेवढा वेळ निभावला की डोकं आपोआप ताळ्यावर येतं.

हरल्यावर घरी जाताना

पालकांनो आणि प्रशिक्षकांनो, ही चूक तुमची-आमची आहे. हरलेल्या मुलाच्या अंगावरचा घाम वाळायच्या आत आपण विश्लेषण सुरू करतो. "पकड का सोडलीस? सांगितलं होतं ना?" त्या क्षणी त्याच्या कानात एकच शब्द शिरतो: नालायक. त्या दिवशी पाणी, खाणं, झोप आणि "तू उतरलास, मला आवडलं" एवढं पुरे. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी बघा, आणि प्रश्न खेळाबद्दल विचारा, माणसाबद्दल नको.

ब्राझीलची ज्युदोपटू राफाएला सिल्व्हा हिला २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पायाला नियमबाह्य पकड घातली म्हणून बाद केलं गेलं. वर तिच्या रंगावरून समाजमाध्यमांवर गलिच्छ शिवीगाळ झाली. ती खेळ सोडायच्या बेतात होती. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि २०१६ मध्ये रिओत, स्वतःच्या गावात, तिने सुवर्ण जिंकलं. तिची चूक एका पकडीची होती, आणि पकड दुरुस्त करता येते. मुलाला त्याचा पराभव असा पकडीएवढा करून हातात देता आला, तर तो पुन्हा सरावाला येतो.

मात्र सरावाला निघायच्या विचारानेच आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, जेवण जात नसेल, तर "तोंड दे" म्हणून ढकलू नका. खेळ थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोला.

एक बारीक गोष्ट राहिली. वर्षातून एकच स्पर्धा खेळू नका. वर्षभर वाट पाहिली की ती एक लढत डोंगराएवढी होते. पहिली स्पर्धा लहान निवडा आणि दुसरीची तारीख पहिलीच्या आधीच वहीत लिहून ठेवा, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने. पट्टा चार वेळा बांधणारी ती मुलगी त्या दिवशी दुसऱ्या फेरीत हरली. कपडे बदलून आली आणि तिने विचारलं, "सर, पुढची तारीख तीच आहे ना?"