टेक्ससमध्ये सरकारी रानात शिकार-मासेमारीला जाताय?

टेक्ससच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात, म्हणजे वन्यजीवांसाठी सांभाळलेल्या सरकारी रानात, जायचं तर आधी हंटिंग किंवा फिशिंगचं लायसन्स आणि त्यावर ४८ डॉलरचं ॲन्युअल पब्लिक हंटिंग परमिट काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं बरं का, म्हणून सप्टेंबरातच घेतलेलं परवडतं. जन्म २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा असेल तर शिकारीसाठी हंटर एज्युकेशन, म्हणजे सुरक्षित शिकारीचा कोर्सही लागतो. त्या एरियाचे नियम नीट वाचा, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. गेटजवळ पेटीत कार्ड असतात, नाव, वेळ लिहायची आणि निघताना काय मिळालं तेही खरं खरं भरायचं, त्यावरूनच प्राण्यांचा हिशोब लागतो. भडक केशरी जॅकेट आणि टोपी मात्र घालाच, झुडपात माणूस अजिबात दिसत नाही हो!