तणनाशकाचा फटका बसलेला भाजीपाला: झाड वाचवताना या चुका टाळा

काल ताठ उभे असलेले टोमॅटोचे शेंडे आज खाली वळून पिळवटलेले दिसले, की बहुतेकांचा हात आधी कीटकनाशकाच्या बाटलीकडे, नाहीतर खताच्या डब्याकडे जातो. तणनाशकाचा अल्पसा अंश लागलेले झाड अनेकदा स्वतःच्या बळावर सावरते, परंतु घाईने केलेल्या उपायांमुळे त्याला ती उसंतच मिळत नाही.

पहिली चूक निदानाची असते. मिरचीवरील बोकड्या किंवा टोमॅटोवरील विषाणूजन्य रोग समजून फवारण्या सुरू होतात, कारण लक्षणे खरोखरच फसवी असतात. टू-फोर-डीसारखे तणनाशक झाडातील ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. अशा झाडाचे कोवळे पान उजेडासमोर धरून पाहावे: शिरांची नेहमीची जाळी दिसत नाही, त्या एकमेकींना खेटून जवळजवळ समांतर धावतात, पाते चिंचोळे होते आणि देठ खाली वाकलेला असतो. काकडीवर्गीय मोझॅक विषाणूमुळेही टोमॅटोची पाने अशीच दोरीसारखी होतात, म्हणून एकट्या पानावरून निर्णय घेऊ नये. रोग एखाद्या झाडावर सुरू होऊन हळूहळू पसरतो. तणनाशकाची इजा मात्र टोमॅटो, घेवडा, काकडी अशा वेगवेगळ्या कुळांतील झाडांवर आणि शेजारच्या रुंद पानांच्या तणावरही जवळपास एकाच वेळी दिसते. वाऱ्याबरोबर आलेल्या तुषारांची असेल, तर ती बहुधा एका बाजूला जास्त आणि पुढे कमी होत जाते.

सर्व तणनाशकांना एकाच मापाने मोजणे ही दुसरी चूक. पॅराक्वाट जेथे पडते तेथेच भाजते, डाग काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात आणि शेंडा वाचला असेल तर नवी पाने स्वच्छ येतात. ग्लायफोसेट याच्या उलट वागते. ते पानात तयार झालेल्या साखरेबरोबर शेंड्याकडे आणि मुळांकडे जाते व आवश्यक अमिनो आम्ले तयार होण्याची वाटच बंद करते. त्याची लक्षणे उमटायला बहुधा काही दिवस लागतात, नव्या पानांचा देठाकडचा भाग पिवळा-पांढरा पडतो आणि पाने बारीक राहतात.

आता उपायांकडे वळू. तुषार पडताना पाहिले असतील, तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने झाड धुवावे. एखाद्याच पानाला ग्लायफोसेट लागले असेल, तर ते पान लगेच खुडावे. दुसऱ्या दिवशी यातील कशाचाही फारसा उपयोग नसतो. झाडात शिरलेल्या तणनाशकावर उतारा म्हणून साखरेचे पाणी, मीठ किंवा टॉनिक फवारू नये. नत्राचा जादा हप्ता देऊन वाढ ढकलू नये आणि वाकडी झालेली हिरवी पाने सरसकट छाटू नयेत, कारण झाडाचे अन्न अजून तीच तयार करतात. ओलावा एकसारखा ठेवावा आणि दोन-तीन आठवडे थांबावे. माझ्या वाफ्यातील टोमॅटोची वाकडी पाने शेवटपर्यंत वाकडीच राहिली, पण तिसऱ्या आठवड्यात खालच्या बेचक्यातून फुटलेल्या कोंबाला नेहमीसारखे कातरलेले, रुंद पान आले. जुन्या पानांत सुधारणा शोधत बसण्यात अर्थ नसतो. लक्ष नव्या फुटीवर ठेवावे. ती सलग पिवळी, खुरटी आणि गुच्छासारखी येत राहिली, तर मात्र झाड काढून टाकावे.

झाड सावरले म्हणजे त्याचे फळ खाण्यायोग्य झाले, असे समजू नये. त्या भाजीसाठी शिफारसच नसलेल्या तणनाशकाच्या लेबलवर तिच्या काढणीपूर्वीचा सुरक्षित कालावधी दिलेला नसतो. म्हणून इजेच्या वेळी झाडावर असलेली फळे खाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त चकवणारा स्रोत म्हणजे खत. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके मारलेला चारा जनावरांनी खाल्ला, तरी ती शेणातून बऱ्याच अंशी जशीच्या तशी बाहेर पडतात आणि खत कुजल्यानंतरही टिकू शकतात. अशा शेणखताने किंवा पेंढ्याच्या आच्छादनाने, कोणीही फवारणी न करता, घेवड्याची पाने वाटीसारखी वळतात. शंका असल्यास काही कुंड्यांत ते खत स्वच्छ मातीत मिसळून आणि काहींत नुसती स्वच्छ माती भरून घेवड्याचे बी लावावे व साधारण तीन आठवडे तुलना करावी. खत आधीच वाफ्यात गेले असेल, तर माती उकरून ओलसर ठेवावी, म्हणजे सूक्ष्मजीवांना विघटनाचे काम करता येते. तोवर तेथे टोमॅटो, वाटाणा किंवा घेवडा न घेता मक्यासारखे गवतवर्गीय पीक घ्यावे, त्याचे अवशेष कंपोस्टमध्ये टाकू नयेत आणि पुढच्या हंगामापूर्वी त्या मातीची कुंडीतील चाचणी पुन्हा करावी.

पंपाविषयी तर तडजोड नकोच. टू-फोर-डीचा अंश रबरी नळीत आणि वायसरमध्ये टिकून राहतो व पाण्याने वरवर विसळून जात नाही, म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवून त्यावर ठळक खूण करावी. फवारणी शांत हवेत, नोझल खाली धरून करावी. कडक उन्हात काही तणनाशकांची वाफ होऊन ती फवारणीनंतरही शेजारच्या वाफ्यापर्यंत पोहोचते.